पहाडगंज ते रकाबगंज : मांड बसण्याची गोष्ट

महाराष्ट्रातून दिल्लीला जाणाऱ्या साध्या प्रवाशाची राजधानीशी पहिली गाठ पडते ती बहुधा पहाडगंजमध्येच. नवी दिल्ली स्टेशनच्या या बाजूच्या दारातून बाहेर पाऊल टाकले, की हमाल, रिक्षावाले आणि हॉटेलांचे दलाल असे तिघेही एकदम अंगावर येतात. त्यांच्या तावडीतून सुटून मेन बझारमध्ये शिरावे, तर छोले-भटुऱ्यांचा वास, चामड्याच्या पिशव्या, परदेशी पाहुण्यांसाठी दोरीवर टांगलेले ढगळ पायजमे आणि या सगळ्यांतून वाट काढणाऱ्या ई-रिक्षा! जरा पुढे गेले, की मराठी माणसाला हायसे वाटावे अशा दोन पाट्याही याच भागात सापडतात. एक नूतन मराठी शाळेची आणि दुसरी बृहन्महाराष्ट्र भवनाची. दिल्लीत असूनही इथे ‘अहो, जरा सरका’ असे कानावर पडू शकते.

या गर्दीत एक आवाज मात्र आता ऐकू येत नाही. टापांचा. पहाडगंज, सदर बाजार, कुतुब रोड आणि जुनी दिल्ली या पट्ट्यात एके काळी टांगा हेच गरिबाचे वाहन होते. मोगलांच्या काळात शहाजहानाबादच्या तटाबाहेरचा हा धान्याचा मोठा बाजार होता. बाजार म्हटला की बैल आले, घोडे आले, नालबंद आले, चंदी विकणारे आले. नव्या राजधानीचे स्टेशन उभे राहिले तेव्हा उतारूंना घ्यायला टांगेच दाराशी उभे असत. २०११ च्या सुमारास महापालिकेने दिल्लीच्या रस्त्यांवरचे टांगे बंद केले, आणि अनेक टांगेवाल्यांनी दुसरा धंदा धरला. (मुंबईच्या व्हिक्टोरियांचा निकाल मुंबई उच्च न्यायालयाने २०१५ मध्ये लावला, तो अनेकांना आठवत असेल.)

टांगे गेले याबद्दल फार उसासे टाकण्याचे कारण नाही. डोळ्यांना झापडे, डांबरी रस्ता, दुपारचे ऊन आणि पाठीमागे सात-आठ माणसांचे ओझे. त्या घोड्याला काय शिकवले होते? चाबूक लागला की चालायचे आणि तोंडातली कडी ओढली की थांबायचे. त्याच्या नशिबी याखेरीज शिक्षण नव्हते. त्याच्या मालकालाही वडिलांनी याहून वेगळे काही दाखवलेले नसे. पोट हातावर असलेल्या माणसाकडे जनावराला वर्ष-वर्ष शिकवायला वेळ कुठून येणार?

पण घोडा आणि माणूस यांच्यात दुसरेही एक नाते असते. ते सावकाश जुळते आणि त्यात चाबकाला फारसे काम नसते. ते पाहायचे असेल तर पहाडगंजहून फार लांब जायला नको. तासाभराची पायपीट पुरते. वाटेत थोडा इतिहासही पदरात पडतो.

भीमथडीची तट्टे

पंचकुइयां रोडवरच्या फर्निचरच्या दुकानांवरून नजर फिरवत पुढे निघावे, गोल मार्केट ओलांडावे, आणि तालकटोऱ्याच्या बागेशी यावे. आज इथे सकाळी फिरायला येणारे लोक असतात, शेजारी मोठे स्टेडियम आहे. १७३७ च्या मार्चअखेर मात्र या परिसरात मराठ्यांचे घोडे उभे होते! थोरल्या बाजीराव पेशव्यांनी मोगल सेनापतींना हुलकावणी देऊन आडवाटेने थेट दिल्ली गाठली, कालकाजीच्या देवळाजवळ तळ टाकला, आणि मग ते या बाजूला सरकले. शहरातून चालून आलेल्या मोगल फौजेचा रकाबगंज-तालकटोऱ्याच्या परिसरात पराभव झाला. शहर जाळण्याचा विचार आधी मनात होता, पण तो सोडून दिला, असे बाजीरावांनी स्वतः चिमाजी आप्पांना पत्रातून कळवले आहे.

भीमथडीच्या तट्टांना यमुनेचे पाणी पाजले, असे मराठीत जे अभिमानाने म्हणतात, त्यातली ही तट्टे दिसायला काही देखणी नव्हती. अरबी किंवा तुर्की घोड्यापुढे ती बुटकीच. पण काटक, थोड्या चाऱ्यावर भागवणारी, खडकाळ वाटेवर पाय न चुकणारी. भीमथडी ही घोड्यांची स्वतंत्र जात म्हणून काही वर्षांपूर्वी सरकारदरबारी नोंदली गेली, आणि आजही धनगरांच्या तांड्याबरोबर बिऱ्हाड पाठीवर घेऊन ही घोडी हिंडताना दिसतात.

तालकटोऱ्यापासून जवळच, संसद भवनाच्या बाजूला, रकाबगंज साहिब गुरुद्वारा आहे. गुरू तेगबहादुरांच्या पार्थिवावर १६७५ मध्ये इथे अग्निसंस्कार झाले, म्हणून शिखांना ही जागा पवित्र. गावाचे नाव मात्र त्याहून जुने. ‘रकाब’ म्हणजे आपली रिकीब. घोड्यावर बसल्यावर पाय ज्यात अडकवतात ती लोखंडी कडी. इथे रिकिबी बनवणाऱ्या कारागिरांची वस्ती होती, म्हणून हे रकाबगंज, असे सांगतात.

गंमत अशी, की रिकिबीच्या या जुन्या गावापासून दोन-तीन किलोमीटरवर मुलांना घोड्यावर बसायला शिकवतात तेव्हा पहिल्या दिवसांत त्यांच्या पायांतून काढून घेतात ती रिकीबच!

आधी बैठक, मग लगाम

नवी दिल्ली स्टेशनावरून मेट्रोची पिवळी लाइन धरली, की पाचवे स्थानक लोककल्याण मार्ग. पूर्वी याचे नाव रेसकोर्स होते. रस्त्याचे नाव २०१६ मध्ये बदलले आणि मागोमाग स्थानकाचेही. पण रेसकोर्स, पोलोची मैदाने आणि घोडेस्वारीचे वर्ग यांच्यामुळे हा भाग कित्येक पिढ्या दिल्लीकरांना घोड्यांचा म्हणूनच ठाऊक आहे. लष्करी अधिकाऱ्यांची मुले, सरकारी बाबूंची मुले आणि हौशी प्रौढ मंडळी पहाटे इथे शिकत आली आहेत.

पहाटेच का? तर उन्हाळ्यात दिल्लीचा पारा ४५ अंशांकडे धावतो, आणि घोड्याला माणसासारखाच भरपूर घाम येतो. उन्हात काम करवले तर तो आजारी पडतो.

शास्त्रशुद्ध घोडेस्वारीचा पहिला धडा पाहणाऱ्याला कंटाळवाणा वाटेल. शिक्षक मधोमध उभा. त्याच्या हातात सात-आठ मीटरचा लांब दोर. दोराच्या दुसऱ्या टोकाला घोडा, तो शिक्षकाभोवती गोल फिरतोय. घोड्यावर शिकाऊ स्वार. त्याच्या हातात लगाम नाही, पायात रिकीब नाही. घोडा सांभाळण्याचे काम शिक्षकाचे. स्वाराचे काम एकच, बसायचे. ‘नज़र सामने! एड़ी नीचे! साँस लो, भाई, साँस लो!’ सूचना एवढ्याच.

श्वास घ्यायला सांगावे लागते ही अतिशयोक्ती नव्हे. घाबरलेला माणूस श्वास रोखतो, गुडघे आवळतो, पुढे वाकतो. घोड्याला हे सगळे पाठीवर तात्काळ समजते. अंगावर बसलेली माशी ज्याला कळते आणि तेवढीच कातडी थरथरवून जो ती उडवतो, त्याला स्वाराच्या मांड्या आवळल्या गेलेल्या कळणार नाहीत? मग तोही पाठ ताठ करतो, मान वर उचलतो, त्याची चाल खडबडीत होते, आणि वरचा माणूस आणखी घाबरतो. हे चक्र तोडायचे तर आधी वरच्याने सैल व्हायला हवे.

बैठकीची खूण सोपी आहे. स्वाराला बाजूने पाहिले तर त्याचा कान, खांदा, कंबर आणि टाच एका उभ्या रेषेत यावीत. खालचा घोडा एकदम नाहीसा झाला तर माणूस गुडघे किंचित वाकवून जमिनीवर सरळ उभा राहिला पाहिजे. खुर्चीत बसल्यासारखे पाय पुढे काढून बसणारा बदकन पाठीवर पडेल. आपल्याकडे याच बैठकीला ‘मांड’ म्हणतात. मांड ठोकणे, मांड पक्की असणे हे शब्द मराठीत रोजच्या बोलण्यात आले ते उगीच नाही. शिलेदार-बारगिरांच्या घरातली पोरे खोगिराशिवाय, नुसत्या घोंगडीवर बसून शिकत. त्यांना कुणी पुस्तक दिले नव्हते, पण रिकिबीवाचून तोल सांभाळणे त्यांच्या अंगात लहानपणीच भिनत असे.

युरोपात हीच गोष्ट शाळा काढून शिकवली गेली. व्हिएन्नामध्ये पांढऱ्या लिपिझान घोड्यांची जी प्रसिद्ध स्पॅनिश अश्वशाळा आहे, तिला ४०० वर्षांहून मोठी परंपरा आहे. तिथला उमेदवार सुरुवातीचे कित्येक महिने गोल फिरणाऱ्या घोड्यावर, लगाम आणि रिकीब नसताना, नुसता बसतो. मग कुठे त्याच्या हाती लगाम येतो. पुऱ्या स्वाराचा दर्जा मिळायला दहा-बारा वर्षे लागतात. आपल्याकडे एखाद्या मुलाने तबल्यावर वर्षभर नुसता ‘धा’ घोटावा, तसेच हे.

हात आवरा!

लगाम इतका उशिरा का देतात, याचे उत्तर घोड्याच्या तोंडात आहे. घोड्याचे पुढचे दात आणि दाढा यांच्यामध्ये दात नसलेली मोकळी हिरडी असते. लगामाची लोखंडी कडी टेकते ती नेमकी तिथे. हाडावर पातळ कातडी, एवढेच. ज्याचा तोल अजून पक्का नाही, तो प्रत्येक हिसक्याला लगामाला धरून स्वतःला सावरणार. बसमध्ये ब्रेक लागल्यावर आपण वरची कडी धरतो तसे. फरक इतकाच, की इथे कडीच्या दुसऱ्या टोकाला एक जिवंत जबडा आहे.

माथेरान किंवा महाबळेश्वरला ‘राउंड’ मारणाऱ्या पाहुण्यांकडे जरा लक्ष देऊन पाहावे. फोटोसाठी ताठ बसलेला बाबा घोडा थोडा हलला की दोन्ही हातांनी लगाम खेचतो, आणि त्याच वेळी पाय घाबरून घोड्याच्या पोटाला आवळतो. म्हणजे एकाच क्षणी ‘थांब’ही सांगतो आणि ‘चल’ही सांगतो! ती बिचारी तट्टे इतकी सोशीक, की अशा हजारो हातांना सरावून त्यांनी ऐकणेच सोडून दिलेले असते. मग घोडेवाला दात विचकून सांगतो, ‘साहेब, हा ऐकत नाही, जोरात ओढा.’ इथेच घोडे पेंड खाते. ऐकेनासे झालेले तोंड पुन्हा ऐकते करायला कसलेल्या माणसालाही महिनोन् महिने खपावे लागते, आणि काही वेळा ते होतही नाही.

म्हणूनच मुलाला घोडेस्वारीच्या वर्गाला घालणाऱ्या आईवडिलांनी ‘किती दिवसांत घोडा पळवायला शिकेल?’ हा प्रश्न पहिल्याच भेटीत विचारू नये. त्याऐवजी तबेल्यात एक चक्कर मारावी. घोड्यांच्या तोंडाच्या कोपऱ्यात जखमा आहेत का? पाठीवर खोगिराचे वळ? जवळ गेले की घोडा कान मागे पाडून तोंड फिरवतो, की कान पुढे करून हुंगायला येतो? खुरांना नाल वेळच्या वेळी बसवतात का? (साधारण चार ते सहा आठवड्यांनी ते काढून खूर तासावे लागतात.) मुलांच्या डोक्यावर हनुवटीखाली पट्टा बांधलेले शिरस्त्राण आणि पायात टाचेचा बूट असल्याखेरीज बसू देत नाहीत ना? पाय रिकिबीतून आरपार सरकून अडकू नये म्हणून ती टाच असते. या उत्तरांवरून शिक्षक कसा आहे ते आपोआप कळते.

चांगला शिक्षक शिकवण्याला सुरुवात करतो तीही बऱ्याचदा पाठीवर बसवून नव्हे, तर हातात खरारा देऊन. घोड्याच्या अगदी समोर, कपाळापुढे, आणि अगदी मागे, शेपटीपाशी, अशा दोन जागा त्याला दिसत नाहीत. बाकी जवळजवळ सगळीकडचे दिसते. म्हणून जवळ जायचे ते खांद्याच्या बाजूने, बोलत बोलत. गाजर द्यायचे ते उघड्या तळव्यावर, बोटे जुळवून. पोर चार दिवस खरारा करते, शेणही उचलते, आणि घोड्याची भीती निम्मी कमी होते. हे फीच्या पावतीत लिहिलेले नसते!

एक चाल, एक ठेका

बैठक जमली की दुसरी पायरी ठेक्याची. साध्या चालीत घोड्याच्या टापांचे चार ठोके पडतात, एकेक पाय वेगळा. दुडकीत दोन, कारण समोरचा एक आणि मागचा विरुद्ध बाजूचा पाय एकदम पडतो. त्याहून वेगाच्या, ‘कँटर’ म्हणतात त्या चालीत तीन ठोके आणि मग क्षणभर चारही पाय हवेत. शिकवणारा डोळे मिटूनही सांगू शकतो, की घोडा बिघडला. ठेका चुकला, म्हणजे कुठेतरी दुखते आहे, भीती आहे, किंवा वरचा माणूस नडतो आहे.

जर्मन घोडेस्वारांनी घोडा घडवण्याच्या पायऱ्या ठरवून ठेवल्या आहेत आणि जगभर त्याच शिकवल्या जातात. ठेका ही सगळ्यांत खालची. मग सैलपणा, मग लगामाशी मऊ, न तुटणारा संपर्क, मग जोम, मग सरळपणा, आणि सर्वांत वर स्वतःला गोळा करून मागच्या पायांवर भार घेण्याची कला. कोवळ्या घोड्याला पाठीवर माणसाची सवय साधारण तीन-चार वर्षांचा झाल्यावर करतात, आणि त्याच्या पाठीचा कणा पुरता भरायला पाच-सहा वर्षे लागतात. घाई करणारा मालक हा हिशेब पाहत नाही.

पानिपतानंतरची महादजी शिंद्यांची हकिगत या संदर्भात आठवते. १४ जानेवारी १७६१ च्या संध्याकाळी महादजी आपल्या चपळ दक्षिणी घोडीवरून दूर निघून गेले होते. एक अफगाण स्वार मागे लागला. त्याचा घोडा वेगवान नव्हता, पण एकाच संथ लयीत चालत राहिला. महादजी घोडी फेकत पुढे जात, थांबून दम घेत, आणि पाहतात तो तोच स्वार त्याच चालीने पुन्हा नजरेच्या टप्प्यात! अखेर घोडी थकून खड्ड्यात पडली, अफगाणाने गाठले आणि गुडघ्यावर वार केला. राणेखान भिस्त्याने महादजींना वाचवले, पण पाय कायमचा अधू झाला. पुढे दहाच वर्षांनी याच महादजींनी बादशहाला दिल्लीच्या तख्तावर परत आणून बसवले. मात्र त्या घोड्याच्या टापांचा आवाज पुढे कित्येक वर्षे आपल्या झोपेत येत असे, असे ते सांगत म्हणतात.

दिल्ली १९८२, हांगझोऊ २०२३

आशियाई क्रीडास्पर्धांत घोडेस्वारी पहिल्यांदा आली ती १९८२ मध्ये, दिल्लीतच. रघुबीरसिंग यांनी ‘इव्हेंटिंग’मध्ये वैयक्तिक सुवर्णपदक मिळवले, त्यांच्याच संघाने सांघिक सुवर्णही घेतले. इव्हेंटिंगमध्ये पहिली परीक्षा असते ती ‘ड्रेसाज’ची, म्हणजे ६० मीटर लांब आणि २० मीटर रुंद मैदानात, ठरलेल्या आकृत्या, ठरलेल्या चाली, आणि स्वाराने काही केले असे कुणाला दिसताही कामा नये. त्यानंतर मैदानी दौड आणि अडथळे. पण तेव्हा आपले स्वार बहुतेक लष्करातले होते. घोडे आणि शिक्षण दोन्ही तिथूनच मिळत.

त्यानंतरचे सुवर्ण यायला ४१ वर्षे लागली. २६ सप्टेंबर २०२३ रोजी चीनमधल्या हांगझोऊ इथे भारताने सांघिक ड्रेसाजमध्ये सुवर्णपदक जिंकले, यजमान चीनला मागे टाकून. संघात मुंबईचा हृदय छेडा, इंदूरची सुदीप्ती हजेला, जयपूरची दिव्यकृती सिंग आणि कोलकात्याचा अनुष अगरवाला. अनुषने वैयक्तिक कांस्यही मिळवले आणि २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ड्रेसाजमध्ये उतरणारा तो पहिला भारतीय ठरला. चौघेही घर सोडून युरोपात राहून शिकत होते. तिथे त्यांनी काय केले? अवघड कसरती शिकल्या, हे खरेच. पण ड्रेसाजची गुणपत्रिका पाहिली तर पंच गुण देतात ते साध्या चालीला, थांबण्याला, सरळ रेषेत जाण्याला आणि ठेक्यालाही. मैदानात शिरून घोडा चौकोनी उभा राहिला, की पहिले गुण तिथेच मिळतात. चार पायांवर समान भार टाकून स्तब्ध उभे राहणे हे पळण्याइतकेच अवघड आहे!

हे ज्यांना दिल्लीत प्रत्यक्ष पाहायचे असेल त्यांनी राष्ट्रपती भवनाच्या प्रांगणातला पहारा बदलण्याचा सोहळा चुकवू नये. आधी नोंदणी करून सामान्य माणसालाही तो पाहता येतो. राष्ट्रपतींच्या अंगरक्षक दलाची स्थापना १७७३ ची. उंच, तपकिरी घोडे आणि कर्णेवाल्याचा पांढरा घोडा. भाले, फेटे, बँडचा दणका, टाळ्या, आणि त्या सगळ्यांत घोडे तासभर एका जागी उभे. कान तेवढे हलतात. याच दलातला विराट नावाचा घोडा २०२२ च्या प्रजासत्ताक दिनी निवृत्त झाला, तेव्हा राष्ट्रपती आणि पंतप्रधान त्याच्या मानेवरून हात फिरवायला गेले होते. तो २००३ मध्ये उत्तराखंडातल्या हेमपूरच्या लष्करी केंद्रातून आलेला. त्याने दीड-दोन दशके तोफांच्या आवाजात शांत उभे राहायचे, हे त्याला कुणीतरी एकेका दिवसाने शिकवलेले होते.

संध्याकाळी पहाडगंजला परतावे, तर लग्नसराईत इथेही एक घोडी दिसण्याचा संभव असतो. उत्तरेत नवरदेव घोड्यावर नव्हे, घोडीवर चढतो. बँड ‘आज मेरे यार की शादी है’ ओरडतो आहे, डोक्यावर दिव्यांची झुंबरे धरलेली माणसे दोन्ही बाजूंनी चालताहेत, आणि मधोमध जरीची झूल पांघरलेली घोडी. वर सेहऱ्याच्या झालरीआड नवरदेव. त्याला समोरचे धड दिसत नाही, पाय रिकिबीत नीट पोचलेले नाहीत, लगाम घोडीवाल्याच्या हातात, आणि त्याने दोन्ही हातांनी खोगिराचा पुढचा उंचवटा घट्ट धरला आहे. पुढ्यात सहा वर्षांचा भाचा बसला आहे. नाचणाऱ्यांपैकी कुणीतरी फटाक्यांची माळ पेटवतो. घोडीवाला लगाम न ओढता घोडीच्या मानेला हात लावतो, काहीतरी पुटपुटतो, आणि घोडी नुसता एक कान मागे वळवते. भाचा हसत हात सोडून टाळ्या वाजवू लागतो. नवरदेवाने मात्र अजून श्वास सोडलेला नाही.